पिसाची जळू आणि शेततळ्याचा कागद



दर वेळी इथं डाळिंबाची, उसाची, नाहीतर पाण्याची नोंद असते. आजची जरा वेगळी आहे, गळाची आहे. काही जण म्हणतील, याला काम उरलं नाही वाटतं. पण ही नोंद शेततळ्याचीही आहे आणि माझ्या एका चुकीचीही आहे. ज्यांच्या तळ्याला कागद आहे आणि तळ्यात मासे आहेत, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

आमचं शेततळं वर 30 बाय 30 मीटर, खोली 3 मीटर, बाजू एकास एक उताराच्या. काठोकाठ भरलं तर सुमारे 22 लाख लिटर पाणी बसतं. 500 मायक्रॉनचा कागद आहे. पाणी उजनीच्या फुगवट्यावरनं पाइपलाइननं येतं. ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांना वाटतं, इंदापूर तालुक्यात एवढी उजनी असताना शेततळं कशाला? तर उन्हाळ्यात पाणी मागं मागं सरकतं, मोटार आणि केबल त्याच्या मागनं पळवावी लागते, आणि वीज असते तेव्हा पाणी नसतं, पाणी असतं तेव्हा वीज नसते. दोन एकर डाळिंब त्या तळ्याच्या जिवावर आहे.

आता चूक सांगतो.

2024 चा उन्हाळा आठवा. उजनी मायनसमध्ये खोल गेली होती. पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं होतं, लोक गाड्या करून बघायला येत होते. मला ते बघवत नाही. आमचं जुनं गाव त्याच पाण्याखाली आहे. धरण 1980 ला पूर्ण झालं, त्याच्या आधीच आम्ही उठलो, तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. भीमेच्या डोहावर गळ टाकायला मी तिथं शिकलो. भोयाच्या घरचा एक मित्र होता, त्याचे वडील आम्हा पोरांना शिकवायचे. त्यांचा एकच दंडक होता. मरळीची तांबडी पिल्लं गोळ्यानं पाण्यावर दिसली की तिथं गळ टाकायचा नाही, कारण खाली आईबाप राखण बसलेले असतात. गाव गेलं, डोह गेला, पण गळाचा नाद राहिला.

तर त्या एप्रिलात तळ्यात बारा लाख लिटरच्या आसपास पाणी होतं. आंबे बहार धरलेला, झाडावर लिंबाएवढी फळं. संध्याकाळी मी तळ्यावर बसलो होतो. तळ्यात चिलापी होती, एखाद-दुसरी मरळही दिसायची. माझ्याकडं शिशाचं वजन लावलेला तीनतोंडी गळ होता. टाकला, तळाला जाऊ दिला आणि ओढला. तो उताराच्या पायथ्याला कुठंतरी अडकला. मी जोरात हिसका दिला. काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि गळ हातात आला. गळाच्या एका टोकाला काळ्या कागदाची सुतळीएवढी चिंधी होती.

मी ती चिंधी बोटानं काढली आणि टाकून दिली. घरी येऊन जेवलो. कुणाला काही बोललो नाही.

मनाला सांगत होतो, वरवर खरवडलं असेल. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. आमच्या थोरल्यानं तळ्याच्या उतारावर रंगानं खुणा केल्यात, वीत-वीतभर अंतरावर. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आबा, पाणी जास्त उतरतंय, ठिबकचा हिशेब जुळत नाही." मी म्हणालो, ऊन लय आहे, वाफ होत असेल. पाचव्या दिवशी दोन खुणा उघड्या पडल्या, तेव्हा मात्र तोंड उघडावं लागलं. बुडून भोक शोधायला कुणी तयार होईना. शेवटी पाणी भोकाच्या खाली गेलं तेव्हा ते दिसलं. हातभर लांब फाटलेलं, इंग्रजी एलच्या आकाराचं. बारा लाखातलं चार लाख लिटर उरलं होतं. खाली मुरूम आहे, त्यानं सगळं पिऊन टाकलं.

गरम हवेच्या मशिननं ठिगळ मारून घेतलं. महिनाभर टँकर आणले. तरी फळगळ झाली, निम्मा माल गेला. त्याचा आकडा लिहीत नाही, डाळिंबवाल्यांना आपोआप कळेल.

पोरगं ओरडलं नाही. एवढंच म्हणालं, "आबा, भोक कुणाच्या हातनंही पडलं असतं. तुम्ही पाच दिवस गप्प बसला." आणि कुंपणाच्या फाटकाला कुलूप घातलं. किल्ली त्याच्या खिशात. छप्पन्नाव्या वर्षी मला माझ्याच तळ्यावर जायची बंदी झाली, आणि ती बरोबर होती.

त्या पावसाळ्यात देवानं भरभरून दिलं, ऑगस्टात उजनी भरली, तळंही भरलं. पोरानं रोहू, कटला, मृगळ मिळून 800 बोटुकली सोडली. कोंडा-पेंड वेळेवर. दिवाळीपर्यंत माशांनी खाद्यावर गर्दी करायला पाहिजे, पण खाद्य तरंगत राहायला लागलं. एके दिवशी सांजेला त्यानंच बघितलं. पाण्यावर एक काळं डोकं आलं, घोटभर हवा घेतली आणि गेलं. मरळ. थोड्या वेळानं दुसऱ्या कोपऱ्यात अजून एक.

मरळीला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, तिला वर येऊन हवा घ्यावीच लागते. त्यामुळं ती लपत नाही, पण धरायला लय अवघड. आमच्या तळ्यात ती आली कशी? पाइपलाइनमधनं. पाणी पडतं त्या तोंडाला आम्ही जाळी लावलीच नव्हती. फुगवट्यावरनं पिल्लं थेट तळ्यात. उरलीसुरली त्या चार लाख लिटरात जगली आणि नवीन बोटुकलीवर पोसली.

उपाय काय? तळं रिकामं करायचं तर डाळिंबाला पाणी कुठलं? औषध टाकायचं तर तेच पाणी ठिबकला जातं, आणि रोहू-कटलाही मरणार. ओढजाळं फिरवायचं तर त्याच्या खालच्या कडेला शिशाच्या गोळ्या, त्या कागदावरनं घासणार. आणि मरळ जाळ्याखालनं नाहीतर वरनं उडी मारून जाते. राहिला गळ. पण गळाचं नाव आमच्या घरात कोण काढणार?

दिवाळीत बहिणीचा मुलगा आला. तो कॅनडात असतो, ब्रिटिश कोलंबियात, कॅम्लूप्सच्या बाजूला. त्या भागात डोंगरात शेकड्यांनी तळी आहेत आणि तिथं ट्राउट नावाचा मासा फ्लायवर धरतात. फ्लाय म्हणजे गळावर दोऱ्यानं पिसं, लोकर बांधून केलेला खोटा किडा. ज्याला खरं आमिष लावावं लागत नाही. भाच्यानं डबी उघडली. आत काळे, तांबूस, हिरवट असे बोटाच्या दोन पेरांएवढे केसाळ प्रकार रांगेनं लावलेले.

"मामा, ही जळू," तो म्हणाला.

मी हसलो. जळवा आम्ही कमी बघितल्यात का? म्हशी धुताना सडाला, खुराच्या बेचक्यात चिकटलेल्या, मीठ लावून काढलेल्या. पण ती पोहते कशी, हे कधी नीट बघितलं नव्हतं. त्यानं जनावरांच्या हौदातली एक धरून लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत सोडली. साप पाण्यात पोहताना डावी-उजवीकडं वळवळतो. मासाही शेपूट आडवी हलवतो. जळू तशी नाही. ती पट्टीसारखी चपटी होते आणि वर-खाली लाटा मारत जाते, वाऱ्यावर फडकणाऱ्या फडक्यासारखी. पोहायची थांबली की हळूहळू बुडते, परत उचलते. खोट्या जळूचं सगळं गणित यातच आहे. तिला ओढलं की वर यायला पाहिजे, सोडलं की तोंडावर खाली जायला पाहिजे. म्हणून वजन पाहिजे, आणि ते डोक्याशीच पाहिजे.

बैलगाडी हाकलेल्यांना हे लगेच कळेल. बोजा तोच असतो. मागं जास्त भरला तर गाडी उलार होते, जू वर उचलतं. पुढं जास्त भरला तर बैलाच्या मानेवर येतो. गाडी कशी चालणार हे बोजा किती यापेक्षा कुठं ठेवला यावर ठरतं. गळाचंही तसंच.

भाच्यानं मला दुसरी गोष्ट दाखवली, ती ऐकून मी ताठ बसलो. गळाच्या दांडीच्या वरच्या अंगाला, नेढ्यापाशी, दोन मणी आडवे बांधले तर ते वजन पाण्यात खाली जातं आणि गळ उलटा होतो. म्हणजे टोक आभाळाकडं. तळावरनं ओढला तरी मणी घासतात, टोक नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही.

भाचा चार दिवसांत गेला. जाताना त्याची नऊ फुटी फ्लायची काठी, रीळ आणि दोर ठेवून गेला. पिसं आणि टंगस्टनचे मणीही देत होता, मी म्हणालो, नको. इथं मिळेल त्यातनं झालं पाहिजे, नाहीतर उपयोग काय?

आता करायची रीत सांगतो. मी ओट्यावर बसून करतो.

गळ: लांब दांडीचा, 6 नंबरचा, एकतोंडी. पहिलं काम म्हणजे टोकाजवळचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करायचा. मासा सुटतो अशी भीती वाटते. दोर ताणलेला ठेवला तर सुटत नाही. आणि कागदात किंवा बोटात घुसला तर फाडाफाड न होता निघतो.

शिकंजा: वेगळं यंत्र लागत नाही. लॉक होणारी ग्रिप पक्कड घ्यायची, तिच्या जबड्यात गळाचा वाक धरायचा आणि पक्कड बाकाला दोरीनं घट्ट बांधायची.

दोरा: काळा पॉलिस्टरचा शिवणाचा दोरा. रिळाचा ताण नीट राहावा म्हणून मी जनावरांच्या इंजेक्शनची जुनी जाड सुई उकळून, टोक घासून बोथट केलं आणि दोरा तिच्यातनं ओवला. दोरा पाहिजे तिथंच पडतो.

वजन: पितळी मणी, बैलाच्या माळेतले बारीक. दोन मणी तारेच्या तुकड्यावर ओवायचे, मध्ये गुंजभर जागा सोडायची, टोकं वळवायची. तार कुठली? आमच्या जळालेल्या मोटारीच्या वाइंडिंगची. मोटार जळल्यावर भंगारवाला तांबं मागतो, त्यातलं मूठभर मी ठेवून घेतो. दोन मण्यांची ही जोडी दांडीच्या वर, नेढ्यापासून दोन दोरे मागं, आधी तिरकी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं, अशी फुलीनं बांधायची. खाटेची सुंभ आवळतो तशी. नुसती गोल गुंडाळली तर फिरते.

शेपूट: गावरान कोंबड्याच्या पिसाचा बुडाचा भाग, जिथं मऊ लव असते. वरचं कडक पीस नको, ते पाण्यात काठीसारखं राहतं. लव ओली झाली की चिकटून बारीक होते आणि पाण्यात शिरली की जिवंत होते. लांबी दांडीएवढीच. जास्त लांब केली की ती वाकात गुंतते.

अंग: धनगराच्या मेंढीची काळी लोकर. आमच्याकडं घोंगडी करणारे आहेत, त्यांच्याकडनं कातरणीची मूठभर मागून आणली. डेक्कनी मेंढीचा काळा रंग उन्हात तांबूस झाक मारतो, जळूचा तोच रंग. लोकर बोटांत विंचरून दोऱ्याला पातळ पिळायची आणि शेपटापासून मण्यांपर्यंत गुंडाळत यायचं. दाट नको. दाट लोकर हवा धरते आणि बुडत नाही. वरनं तांब्याच्या तारेचे पाच-सहा विरळ फेरे, म्हणजे मरळीच्या दातानं लोकर उसवत नाही.

शेवटी मण्यांपुढं दोऱ्याच्या गाठी आणि त्यावर नेलपेंटचे दोन थेंब. सुनेची बाटली संपवली म्हणून बोलणी खाल्ली, ती वेगळी.

शिसं का नाही, असं कुणी विचारेल. पाण्याच्या तुलनेत शिसं सव्वाअकरा पट जड, तांबं नऊ पट, पितळ साडेआठ पट. टंगस्टन तर एकोणीस पट. म्हणजे शिसं स्वस्त आणि जड. आपल्याकडं लोक जुन्या बॅटरीचं शिसं चुलीवर वितळवून वजनं ओततात. तो धूर घरात, पोराबाळांच्या नाकात जातो, कृपा करून ते करू नका. आणि दुसरं, तुटलेलं शिसं पाण्यात राहतं. पक्षी दाणा दळायला पोटात खडे घेतात, तसे हे गोळेही गिळतात आणि विषानं मरतात. इंग्लंडात राजहंस असे मरायला लागले म्हणून 1987 पासून गळाची बारीक शिशाची वजनं बंद केली. आपल्याकडं भिगवण-कुंभारगावला हिवाळ्यात रोहित येतात, उथळ गाळात चोच घालून चाळतात. त्याच गाळात आपलं शिसं नको. तांबं-पितळ हलकं पडतं, तर दोन मणी जास्त लावा.

आता खरी परीक्षा. माझ्याकडं फाटकाची किल्ली नव्हती आणि मागायचं तोंडही नव्हतं. मग मी जनावरांच्या मोठ्या सिमेंटच्या हौदात शेततळ्याच्या उरलेल्या कागदाचा तुकडा अंथरला. चार कोपऱ्यांवर विटा. मुद्दाम दोन-तीन चुण्या ठेवल्या, कारण खऱ्या तळ्यातही चुण्या असतात आणि गळ तिथंच अडकतो. आणि रोज संध्याकाळी हौदात जळू ओढायला लागलो. शंभर वेळा ओढायचं, किती वेळा अडकली ते कॅलेंडरच्या मागं लिहायचं.

पहिल्या जळूला मी मणी लावलेच नव्हते, नुसती तांब्याची तार सगळ्या दांडीवर गुंडाळली होती. ती आडवी, दगडासारखी बुडायची, टोक खाली. शंभरात 9 वेळा अडकली. कागदावर ओरखडे. दुसरीला मणी लावले, पण दांडीच्या खालच्या बाजूला. ती तर 14 वेळा. तिसरीला मणी वर, पण मधोमध. ती कधी उलटायची, कधी कुशीवर पडायची. 4 वेळा. चौथीला मणी वर आणि नेढ्याजवळ सरकवले, शेपटाची लव निम्मी केली. शंभरात एकदाही नाही. दुसऱ्या दिवशी परत शंभर. एकदाही नाही.

ही दहा-बारा दिवसांची कसरत घरातले सगळे बघत होते. बायको म्हणाली, हौदात मासे आलेत का? पोरगं मात्र काही बोलत नव्हतं. एका संध्याकाळी तो मोटार बंद करून आला, माझ्या हातातनं काठी घेतली आणि स्वतः ओढायला लागला. माझ्यासारखं हळू नाही, हिसके देऊन. चुणीवरनं आडवं, तिडवं. पन्नास-साठ वेळा ओढलं. मग कागदाचा तुकडा बाहेर काढून सूर्याकडं धरला आणि डोळ्यांनी भोक शोधत राहिला. आधीचे ओरखडे होते, नवीन एकही नव्हता.

कागद परत हौदात टाकला. खिशातनं किल्ली काढून ओट्यावर ठेवली. म्हणाला, "एकटं जायचं नाही. आणि अडकलं की त्याच दिवशी सांगायचं."

मी म्हणालो, "सांगतो."

एकटं न जायची गोष्ट सगळ्यांनीच ध्यानात ठेवा. कागदाच्या उतारावर शेवाळ धरतं, पाय घसरला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. दर उन्हाळ्यात अशा बातम्या आपण वाचतो. आमच्या तळ्यात आता चारी बाजूंनी गाठी मारलेला दोर आत सोडलेला आहे आणि ट्रकच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब बांधून ठेवलेली आहे. कुलूपही आहेच, लहान पोरांसाठी.

काठी फेकायला शिकायला मला पंधरा दिवस लागले. आपली सवय गोफणीची. गोफणीत दगड जड असतो, तो दोरी ओढत नेतो. फ्लायच्या काठीत उलटं. इथं दोर जाड आणि जड, आणि तोच पुढच्या हलक्या पिसाला ओढून नेतो. म्हणजे हे आसुडाचं काम आहे. मागं घेतलेला दोर पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढं. घाई केली की आसुडासारखाच फाड्‌कन आवाज होतो आणि पिसं उडतात. वजनदार जळू असली तर जास्तच जपायचं, मणी कानाजवळनं जातात. टोपी आणि चष्मा घालूनच. ज्यांच्याकडं अशी काठी नाही त्यांनी बारा फुटी बांबू घ्यावा, त्याला बांबूएवढंच तंगूस बांधावं आणि झुलवून टाकावं. वजनामुळं जळू तेवढी जाते आणि शेततळ्याला तेवढं पुरतं.

थंडीत मरळ सुस्त असते. शिवरात्र झाली, ऊन तापायला लागलं, तेव्हा ती हलायला लागली. पद्धत अशी. पोरगं एका बांधावर बसतं, मी दुसऱ्या. कुठं हवा घ्यायला डोकं वर आलं की तो बोट करतो. तिच्या पुढं चार हात जळू टाकायची, अंगावर नाही. मग मनात मोजायचं. माझी जळू दहा आकड्यांत पुरुषभर खाली जाते, तुमची तुम्ही हौदात मोजून घ्या. मग वीतभर ओढायचं, थांबायचं. परत वीतभर, परत थांबायचं. ओढताना मरळ नुसती मागं येते. थांबलं, जळू तोंडावर खाली जायला लागली, की घेते. हाताला हिसका बसत नाही, दोर नुसता जड होतो. पहिल्या दोन वेळा मला वाटलं कागदात अडकली, आणि भीतीनं मी दोर सोडून दिला. दोन्ही मरळी गेल्या.

तिसरी आली. एक किलो चारशे ग्रॅम. पोट फाडल्यावर आत सहा बोटुकली निघाली, एक अजून चांदीसारखी चमकत होती. पोरगं ती सहा बोटुकली तळहातावर घेऊन बराच वेळ बघत होतं. रोज एक मरळ अशी पाच-सहा खात असेल तर 800 चा हिशेब मांडायला कागद लागत नाही.

चैत्र संपेपर्यंत सात मरळी निघाल्या. त्यानंतर पंधरा दिवस दोघांनी पाण्यावर नजर ठेवली, काळं डोकं दिसलं नाही. चिलापीही बारक्या जळवेवर घावते, ती काढत राहतो, नाहीतर ती पिल्लांनी तळं भरून टाकते. उरलेल्या रोहू-कटलाची गर्दी आता खाद्यावर दिसते. 800 मधले किती राहिले ते काढणीलाच कळेल. पाइपच्या तोंडाला आता मच्छरदाणीच्या कापडाची दुहेरी पिशवी बांधली आहे, दर पाण्याला झटकतो. हे काम शंभर रुपयांचं होतं आणि पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं. तळ्यात बीज सोडायच्या आधी जाळी, हे लिहून ठेवा.

एक शेवटचं सांगतो.

वैशाखात एक दिवस पोरगं बारामतीला गेलं होतं, माझ्यासोबत पुतण्या होता. जळू तळाला गेली, मी ओढली आणि ती अडकली. हलेना. माझ्या हाताला घाम फुटला. तोच उतार, तोच पायथा. हिसका द्यायची हाताची सवय जात नाही, पण दिला नाही. दोर सैल सोडला, बांधावरनं फिरून उलट्या बाजूला गेलो आणि तिकडनं हलकं ओढलं. सुटली. गळाला काही नव्हतं, चिंधी नाही, काही नाही. पुतण्या म्हणाला, "झालं की, काका. कशाला कुणाला सांगताय?"

मी तिथंच बांधावर उभा राहून फोन लावला. म्हणालो, "अडकला होता रे. दक्षिणेच्या उताराला, तिसऱ्या खुणेच्या खाली. निघाला, पण अडकला होता."

तो पलीकडं जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बरं. मी आलो की खुणा बघू."

तीन दिवस आम्ही दोघं सकाळ-संध्याकाळ खुणा बघत होतो. पाणी ठिबकच्या हिशेबाएवढंच उतरलं. चौथ्या दिवशी कळलं, जळू आम्हीच सोडलेल्या दोराच्या गाठीत अडकली होती, तिची लव त्या गाठीला चिकटलेली होती.

किल्ली आता दाराच्या खिळ्याला असते. पण नवीन जळू बांधली की आधी हौदात शंभर वेळा ओढायची, हा नियम घरात कायम आहे. काल नातवानं पहिली बांधली. 11 वेळा अडकली. मणी खाली बांधले होते.

पाइपच्या तोंडाला जाळी लावून कुणी मरळ रोखली असेल तर कुठली जाळी टिकली ते मला जरूर सांगा. मच्छरदाणीचं कापड एका हंगामात विरलं.

राम राम.